ढालकिड्यांची मेस

आमच्या शेजारचे पास्कूकाका दारात आले की बेल वाजवत नाहीत. आधी माझ्या गुलाबाच्या कुंडीपाशी वाकतात, चष्मा कपाळावर चढवतात, कोवळा शेंडा दोन बोटांत धरून पान उलटं करतात आणि तिथूनच ओरडतात, "शालन गो, वायच मावो आसा काय?"

लोक शेजाऱ्यापाजाऱ्याकडे विरजण मागतात, कढीलिंब मागतात, फार तर शिडी मागतात. पास्कूकाका कीड मागतात. मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांना आणि कळ्यांना चिकटून रस पिणारी ती बारीक, चिकट, हिरवी नाहीतर काळी कीड. बागेत ती आली की आपण कपाळाला हात लावतो. पास्कूकाका माझं अभिनंदन करतात. "वा गो बाय! बरो मावो धरलो तुझ्या गुलाबान! असोच ऱ्हवांदे!" आणि खिशातून रंगकामाचा बारीक ब्रश व काड्यापेटी काढून वेचायला लागतात. मावा नसला तर मात्र माझ्याकडे अशा नजरेने बघतात, की मी शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांकडे कधी तसं बघितलं नसेल. "औषध मारलंस?" एकदा मी नुसतं साबणाचं पाणी शिंपडलं होतं, तर ते कित्येक दिवस आमच्या मधल्या दगडी गडग्यापलीकडून मान फिरवून जात होते.

हा मावा त्यांना ढालकिड्यांसाठी लागतो. पाठीवर काळे ठिपके असलेले, मसुराच्या डाळीएवढे, लाल-नारिंगी किडे. लहान मुलं ते तळहातावर घेऊन उडवतात. ते दिसतात गोंडस, पण माव्याच्या बाबतीत कसाई आहेत. त्यांच्या अळ्या तर त्याहून. शेतात पुरेसे ढालकिडे असले तर मावा आपोआप आटोक्यात राहतो, फवारणी लागत नाही, हे पुस्तकातून मीही मुलांना शिकवते. पास्कूकाका ते पुस्तक घरात पाळतात.

पास्कूकाका म्हणजे पास्कोल फर्नांडिस. मालवणच्या बाहेर, खाडीच्या अंगाला आमची वाडी. तिथं माझं घर आणि त्यांचं घर, मध्ये एक चिऱ्यांचा गडगा. उभा जन्म त्यांनी मालवाहू बोटीवर कुक म्हणून काढला. रिटायर होऊन जमिनीवर आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या पायांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, टोकाला गेले की नसलेल्या कठड्याला हात लावून वळतात, पुन्हा चालतात. चहा उभ्याने. पेपर उभ्याने. जेवताना दोन घास खाऊन उठणार, खिडकीतून आभाळ बघणार, परत येऊन दोन घास. माझी खिडकी बरोबर त्या ओटीसमोर. वह्या तपासायला बसले की डोळ्यांसमोरून हा माणूस सारखा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्यांना बघून दम मला लागतो. एकदा वैतागून मी म्हटलं, "काका, जरा बसा की हो!" तर चालता चालताच म्हणाले, "बसलेलो माणूस आणि बांधलेली बोट, दोगांकय शेवाळ धरता." आणि वळले.

असा माणूस किड्यांसमोर मात्र तासन् तास वाकून उभा राहतो.

मागच्या पडवीत त्यांची मेस आहे. 'मेस' हा त्यांचाच शब्द. बिस्किटांच्या रिकाम्या बरण्या, तोंडाला मलमलीचा तुकडा, त्याला रबर. एका बरणीत अंडी, एकीत लहान अळ्या, एकीत मोठ्या, एकीत कोश, एकीत उडते किडे. त्यांना ते 'क्रू' म्हणतात. जेवणाच्या वेळी पडवीत कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मी एकदा चप्पल घालून गेले तर म्हणाले, "जेवतत ते. भायर काढ." चपलेचा आणि किड्यांच्या जेवणाचा संबंध मला अजून कळलेला नाही, पण काढली.

त्यांचं सगळं शास्त्र बोटीवरच्या स्वयंपाकघरात तयार झालेलं. कप्तान असो की किडा, जसं खाईल तसं काम करील. "आधी पोट, मगे ड्युटी," हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणतात की माझ्या तोंडूनही एकदा वर्गात निघून गेलं आणि पोरं आनंदाने डबे उघडून बसली. ग्रीक कप्तान दोन दिवस ऑलिव्ह मिळाले नाहीत तर बोट खडकावर घालील असा होई. फिलिपिनो खलाशांना दिवसातून तीनदा भात लागे. कुणाला काय मानवतं, कुणाला कशाने झोप येते, कुणाला कशाने घर आठवतं, ही सगळी माहिती या गृहस्थाच्या डोक्यात. तीच नजर त्यांनी किड्यांवर लावली.

सुरुवातीला त्यांना वाटलं, मावा गोळा करत गावभर भटकण्यापेक्षा आपणच काहीतरी रांधावं. मग मध, यीस्ट आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक यांची लापशी केली. किड्यांनी ती चाटून पुसून खाल्ली. अंगावर चकाकी आली. पास्कूकाका खूश. पण दिवस गेले तरी एकाही मादीने अंडं घातलं नाही, आणि मग माव्याने भरलेली फांदी आत सोडली तर हे गुबगुबीत बहाद्दर तिच्याकडे ढुंकून बघेनात. फिरून फिरून लापशीच्या जागेवरच येऊन बसत.

"टुरिस्ट झालेत हे," पास्कूकाका वैतागून म्हणाले. "खातत, लोळतत, आणि जातत. कामाक उपेगाचे नाय."

मग मक्याच्या तुऱ्याचे पराग देऊन बघितले. त्याने किडे जगत, अडीनडीला निभावून जाई. पण पोरंबाळं व्हायला माव्याशिवाय गत्यंतर नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. मावा कमी पडला तर अळ्या आपल्याच भावंडांना खात, अंडी तर पहिल्यांदा. ते बघून पास्कूकाकांनी उरलेली अंडी वेगळ्या बरणीत काढली. "भुकेलो खलाशी आणि भुकेलो किडो," संध्याकाळी गडग्यापाशी येऊन म्हणाले, "दोगय एकमेकाक खातत गो. चूक तेंची नाय. चूक कुकाची."

म्हणून मग माव्याची भिक्षा. कणकवलीला भाचीच्या लग्नाला गेले, तिथं स्टेजवर शेवंतीची आरास. वर-वधूला भेटायला रांग लागलेली, आणि हे महाशय आरशीत तोंड बघावं तसे शेवंतीत तोंड खुपसून उभे. काळा मावा मिळाला! डाव्या हातात काड्यापेटी, उजव्या हाताने नवरदेवाशी शेकहँड. येताना एसटीत काड्यापेटी शेजारच्या बाईच्या मांडीवर सांडली. बाई किंचाळली, कंडक्टरने बेल मारली, गाडी थांबली, आणि पास्कूकाका सीटखाली गुडघ्यावर बसून ब्रशने एकेक गोळा करत होते. त्यांच्या बायकोने, लुसीकाकीने, तेव्हा खिडकीबाहेर तोंड केलं ते मालवण येईपर्यंत आत घेतलं नाही.

लुसीकाकीबद्दल सांगायलाच हवं, कारण हे सगळं तिच्या चवळीसाठी चाललेलं होतं.

नवरा बोटीवर असताना त्या बाईने सासू सांभाळली, मुलगा आणि मुलगी वाढवली, घर शाकारलं, विहीर उपसली, भात लावलं, भात कापलं. मुलगा आता दुबईला, मुलगी म्हापशाला. भात निघालं की त्याच मळ्यात ओल असेतोवर ती चवळी पेरते. लांब, कोवळ्या, हिरव्या शेंगा. अर्धी मालवणच्या बाजारात, अर्धी वाडीत. ती चवळी म्हणजे तिचा मान. पास्कूकाका परत आले तेव्हा या घरात प्रत्येक कामाला माणूस ठरलेलं होतं, आणि तो माणूस लुसीकाकी होती. यांनी बदकं पाळली, ती मेली. पंप दुरुस्त केला, तो जळला. स्वयंपाक करायला गेले तर बोटीवरच्या माणसांच्या मापाने भांडं भरलं आणि पुढचे तीन दिवस आम्ही शेजारी स्टू खात होतो. लुसीकाकी कधी भांडली नाही. ती पाहुण्याला म्हणतात तशी म्हणायची, "तू बस." बसणं हेच त्यांना जमत नव्हतं.

मागल्या हिवाळ्यात चवळीवर काळा मावा उतरला. आभाळ भरून आलेलं, ऊन नाही, वारा नाही, अशा हवेत तो दिवसागणिक वाढतो. आजूबाजूच्या आंब्याच्या बागांत मोहोरासाठी फवारणीचे पंप घरघरत होते. सगळी वाडी मान वर करून ढग बघत होती. लुसीकाकी म्हणाली, आपणही फवारू. पास्कूकाका म्हणाले, नको, माझे किडे आहेत. मी गडग्याच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते, त्यामुळे करार माझ्यादेखत झाला.

"नाताळ झालो की दुसऱ्या आयतारापर्यंत," लुसीकाकी म्हणाली. "मिसाक जावन येतंय, आणि बाबल्याक पंप घेवन बोलवतंय. तोपर्यंत तुझ्या किड्यांनी काय ता करूचा. आणि चवळीच्या शेंड्यांक तू हात लावचो नाय. शेंडो मोडलो तर शेंग खंयसून येतली?"

"आणि जमला तर?"

"जमला तर चवळी तुझी. नाय जमला तर परत बोटीर जा."

हे शेवटचं ती हसत म्हणाली, पण पास्कूकाका हसले नाहीत. ती आत गेल्यावर गडग्यावर दोन्ही हात ठेवून मला म्हणाले, "ह्या घरात माका एक तरी ड्युटी व्हयी गो शालन. एकच. नायतर मी हयसर कित्याक आसंय?"

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी माझा जीव वरखाली होतो. मी शाळेत जायच्या आधी बघते तर हे ओटीवर. परत येते तर ओटीवर. मधेच मळ्यात धावायचे, शेंडे बघायचे, मावा किती वाढला ते बघून तोंड कसनुसं करायचे, पडवीत यायचे, बरण्या बघायचे, पुन्हा ओटी. अळ्या वाढीला लागल्या होत्या आणि त्यांची भूक बघून मला स्वतःच्या वर्गाची आठवण आली. माझ्या गुलाबावर एक मावा उरला नव्हता. चर्चच्या आवारातल्या जास्वंदी साफ झाल्या. डॉक्टरांच्या दवाखान्यापुढच्या कुंड्या साफ. चवळीवर मावा ढीगभर, घराच्या मागेच. पण त्या शेंड्यांना हात लावायचा नाही, हे ठरलेलं. आणि अळ्या एवढ्यात मळ्यात सोडल्या तर माव्याभोवतीच्या मुंग्या त्यांना फाडतील, म्हणून किडे होईपर्यंत बरणीतच. पास्कूकाकांनी बायकोचा तो शब्द काटेकोर पाळला. मी म्हटलंही, चार शेंडे घेतले तर कुणाला कळणार आहे? तर म्हणाले, "तिका कळतला."

आणि मग एका सकाळी ते जवळजवळ नाचत आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रुईच्या फांद्या. जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, वाळूत, रुईची झाडं माजलेली आहेत. त्या पानांवर मावा होता, आणि काय मावा! काळा नाही, हिरवा नाही. हळदीसारखा पिवळाधमक, टपोरा, पानच्या पान झाकून टाकील इतका.

"बघ गो! ह्याका म्हणतत जेवण!" त्यांच्या तोंडाला जणू पाणी सुटलं होतं. "इतके दिस पोरांक पेज घातलंय. आज बिर्याणी!"

कुक माणूस. रंग बघितला, भरलेपण बघितलं, भुललं. अळ्या तुटून पडल्या. त्या दिवशी पास्कूकाका ओटीवर चालताना शीळ घालत होते.

पुढच्या दोन-तीन दिवसांत अळ्या मंदावल्या. मग आखडल्या. काही बरणीच्या बुडाला पडून राहिल्या, काही कोशात गेल्या त्या अशा खुरटलेल्या की कोश आहे की वाळलेलं बी, कळेना. पास्कूकाकांनी आधी झाकणाची मलमल बदलली, मग बरण्या सावलीत नेल्या, मग उन्हात, मग पुन्हा सावलीत. शेवटी वेंगुर्ल्याला शेतकी केंद्रातल्या ज्या साहेबांनी एका शेतकरी मेळाव्यात त्यांना पहिली बरणी दिली होती, त्यांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. मी पडवीतच होते, चप्पल काढून.

"रुईचा मावा?" साहेब म्हणाले. "अहो फर्नांडिस, रुईचा चीक विषारी ना. तो पिऊन मावा जगतो, पण ते विष त्याच्या अंगात राहतं. त्याला खाणाऱ्या सगळ्यांना ते मानवत नाही. काही किडे पचवतात, काहींच्या अळ्या खुरटतात, मरतात. लगेच बंद करा. चांगला मावा द्या, काही वाचतील."

पास्कूकाकांनी "होय साहेब" म्हणून फोन ठेवला. बोटीवर वर्षानुवर्षं वरिष्ठांशी जसं बोलले असतील, त्याच आवाजात. मग पडवीच्या पायरीवर बसले.

"वादळात रांधलंय मी शालन," ते म्हणाले. "पीठ भिजला, गॅस गेलो, तरी रांधलंय. माझ्या जेवणान कधी एक माणूस आजारी पडूक नाय. आणि ह्या पोरांक मी माझ्या हातान ईख घातलंय."

किडेच ते, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

पुढचे दोन दिवस ओटी रिकामी. पास्कूकाका त्या पायरीवर बसून होते. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते घडलं होतं, माझ्या खिडकीसमोर कुणी हलत नव्हतं. आणि मला एक वही धड तपासता येईना. मीच उठून त्यांच्या ओटीपर्यंत जायची, परत यायची. लुसीकाकी त्यांच्यापुढे चहा ठेवायची, थंड झालेला उचलायची. आभाळ तसंच भरलेलं. चवळीचे शेंडे आता लांबूनही काळे दिसत होते.

रविवार उजाडला. लुसीकाकी चर्चमध्ये मिसाला गेली. पास्कूकाका गेले नाहीत. ती परत आली त्याच वेळी बाबलो स्कूटरवर पंप बांधून हजर. वाडीतली सगळी फवारणी तोच करतो. मी भांडी घासायचं निमित्त करून मागच्या दारी उभी.

"काकी, पाणी खंय भरू?" बाबल्याने विचारलं.

लुसीकाकीने मळ्याकडे बघितलं. पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नव्हती.

"आज नको रे," ती म्हणाली. "जा तू. चाय घेवन जा."

"अगो काकी, मावो बघ कितको! चार दिसांनी शेंग दिसूची नाय."

"तुका सांगलंय ना? जा."

बाबलो चहा न पिताच गेला. लुसीकाकीने मिसाची साडी तशीच कमरेला खोचली आणि मळ्यात उतरली. मला वाटलं, नुसती बघून येईल. तिने सगळ्यात जास्त काळवंडलेल्या ओळीपासून सुरुवात केली आणि वेलच्या वेल उपटायला लागली. फुलं होती त्यांवर. काहींना बोटभर शेंगा लागलेल्या. एक अख्खी कवळ छातीशी धरून ती आली, साडीभर चिकटा आणि काळे ठिपके, आणि ती कवळ तिने पायरीवर, पास्कूकाकांच्या पायांपाशी टाकली.

"घे," ती म्हणाली. "ह्यो खालेलो तेंका बाधूचो नाय. बरा अन्न घाल तेंका."

पास्कूकाका त्या वेलांकडे बघत राहिले. "लुसी, शेंगा जातल्या गो."

"जावंदेत. ऊठ. भुकेली आसत ती."

ते उठले. दोघांनी मिळून मेलेल्या अळ्या काढल्या, बरण्या धुतल्या, पुसल्या, काळ्या माव्याचे शेंडे तोडून आत ठेवले. लुसीकाकी पहिल्यांदाच त्या पडवीत उभी होती. तिला सांगताना पास्कूकाकांचा आवाज इतका लहान झाला होता की इकडे मला ऐकू येईना, आणि मी चक्क भांडी तशीच टाकून गडग्यापर्यंत गेले.

सगळ्या वाचल्या नाहीत. पण ज्या रुईला कमी भुलल्या होत्या त्या सावरल्या, खाऊ लागल्या, कोशात गेल्या, आणि त्यातून धडधाकट किडे बाहेर आले. पास्कूकाकांनी ते संध्याकाळच्या वेळी मळ्यात नेऊन ओळीओळीने सोडले. पंगतीत वाढावं तसे, एका वेलाला कमी आणि दुसऱ्याला जास्त होऊ नये अशा बेताने. फवारणी झालेली नव्हती, म्हणून बाहेरचे ढालकिडेही येऊन मिळाले. त्याच आठवड्यात ढग पांगले, कडक ऊन पडलं. चवळी वाचवली कुणी, घरच्या किड्यांनी, बाहेरच्या किड्यांनी की उन्हाने, हे मी सायन्सची बाई असूनही सांगू शकत नाही. अर्धा मळा गेला, अर्धा राहिला. राहिलेल्या अर्ध्याला शेंगा धरल्या. लुसीकाकीने पहिला वाटा मला आणून दिला.

गडग्यावर शेंगा ठेवून ती जाईना. पदराच्या टोकाने हात पुसत राहिली.

"शालन, तुका एक सांगू? हसशीत."

"नाय हसूची. सांगा."

"ता मेला रुईचा झाला ना, तेच्यानंतर एकदा हेणी माका इचारल्यान, लुसी, तुका काय आवडता खावक?" तिने गडग्यावरच्या शेंगा सारख्या केल्या. "माका सांगूक येयना गो."

मला वाटलं ती लाजते आहे. पण तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, गोंधळ होता. तपासणीला पाहुणे आले आणि साध्या प्रश्नाला पोर अडकलं तर त्याचा होतो तसा.

"सासूक मऊ व्हया. झिलाक तिखट नको. चेडवाक मासो काटे काढून व्हयो. ह्यो यायचो तेवा तर काय, सणच. बोटीवरसून डबे धाडायचो, चीज, मटणाचे. ते पोरांनी खाल्ल्यानी, तुमका दिलंय. मी काय खायचंय? ऱ्हवला ता. तेका आवडता म्हणतत काय?" आणि थोडंसं हसून, "कोणी इचारूकच नाय गो आजपर्यंत. मी तेका सांगलंय, थांब, विचार करून सांगतंय."

विचार करायला तिला बरेच दिवस लागले. त्या काळात पास्कूकाका माझ्याकडे मावा मागायला आले नाहीत. येताजाता नुसते विचारायचे, "तुका काय बोलली ती?" मी नाही म्हटलं की पुढे जायचे.

मग एका दुपारी मला जळका वास आला. भात करपल्याचा. खिडकीतून बघितलं तर धूर त्यांच्या स्वयंपाकघरातून. लुसीकाकीच्या हातून भात करपणं शक्य नाही, आणि पास्कूकाकांच्या हातून तर नाहीच. म्हणजे गॅसपाशी कुणीतरी पडलं असणार. चपला न घालता मी मागच्या दाराने धावत आत शिरले.

लुसीकाकी टेबलाशी बसली होती. समोर रिकामं ताट. या घरात तिला जेवायला बसलेली मी कधीच बघितली नव्हती. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्याने दोन घास, एवढंच माहीत. आणि पास्कूकाका गॅसपाशी, भाताच्या टोपाला कान लावून उभे.

"काका, करपतोय भात!"

"श्श!" त्यांनी हात वर केला. "अजून धरूक नाय बरोबर. थांब."

मी लुसीकाकीकडे बघितलं. ती ताटात बघत होती.

पास्कूकाकांनी टोप उतरवला आणि मला दाराशी ओढून अगदी हळू म्हणाले, "खरवड आवडता म्हणता ती. बुडाक लागलेलो भात. मी म्हटलंय, गो, ती आवड न्हय, ती सवय. तर म्हणता, असांदे, माका तीच व्हयी." त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली. "इतकी वर्षां मी सुट्टीर येयचंय ना शालन, माका ती मऊ मऊ भात वाढायची. वरचो. मी म्हणायचंय, वा, लुसीचो भात! खालचो खंय जाता ता माका कुकाक कधी दिसूक नाय."

मी नुसती मान हलवली.

ते परत गेले. वरचा मऊ भात त्यांनी एका वाडग्यात काढून बाजूला ठेवला. कालथ्याने टोपाचं बूड खरवडलं. सोनेरी, कडेने तांबडी-काळी पापडी निघाली, अखंड. ती लुसीकाकीच्या ताटात ठेवली, वर खोवलेलं खोबरं, चवळीच्या शेंगांची भाजी. तिने सवयीने वाडगा त्यांच्या ताटाकडे सरकवला. त्यांनी तो परत सरकवला, टोपातला उरलेला तुकडा आपल्या ताटात घेतला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

त्यांच्या कवळीला ती खरवड झेपत नव्हती. एकेक तुकडा गालात इकडून तिकडे फिरत होता. लुसीकाकी ते बघून हसली आणि तोंडावर हात धरून खाऊ लागली. नुसता कुरूम कुरूम आवाज येत होता. गॅस तसाच चालू होता. मी तो बंद केला आणि घरी आले.